मोठ्या गाडीचा लांब हार

दसरा जवळ आला, बाजारात झेंडूचे ढीग लागले, की मला एक वाहनचोरीची फिर्याद आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आता नीट आठवतही नाहीत. या प्रकरणात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. पण एका गाडीपायी एका माणसाचा हातातोंडाशी आलेला घास जायची वेळ आली होती आणि तो वाचवायला माझ्या हातात फार थोडे दिवस होते. यात कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. पुसदहून बदलून आलेलो, त्यामुळे हे ठाणं मला निवांत वाटायचं. दारूच्या धाडी, जुगार, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, होणाऱ्या हाणामाऱ्या, एवढाच काय तो कारभार. गावात कापसाच्या एका जिनिंगचे मालक होते. लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्याकडे एक लांबलचक परदेशी गाडी होती. काळी, चकचकीत, आणि इतकी लांब की बाजारातल्या वळणावर तिला दोनदा मागे घ्यावं लागे.

ती त्यांनी मोठ्या शहरातून घेतली होती, थोडी वापरलेली. विकणाऱ्याने तिच्याबद्दल जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं, हे मी स्वतः सांगतो. शांतता समितीची बैठक आटोपल्यावर भाऊंनी एकदा मला ठाण्यापर्यंत सोडलं होतं. दार नुसतं टेकवलं, तर उरलेलं गाडीने स्वतः ओढून घेतलं. काच बंद होताच बाजाराचा कालवा नाहीसा झाला. सीट माझी पाठ चेपायला लागली. ठाण्याच्या जीपमध्ये जन्म काढलेला मी माणूस, तेवढ्याशा अंतरात मला डुलकी लागली आणि ठाण्याच्या फाटकावरच्या शिपायाने सॅल्यूट ठोकला तेव्हा जाग आली.

विकणाऱ्याने जे सांगितलं नव्हतं, ते मात्र भाऊंना हळूहळू कळत गेलं. गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ, की गतिरोधक आला की मागच्या सीटवरचे पाहुणे खाली उतरत, रिकामी गाडी तिरपी होऊन पुढे जाई आणि पाहुणे पुन्हा चढत. लग्नसराईत शालू नेसलेल्या बायकांना मी असं चढता-उतरताना पाहिलेलं आहे. गाडीत जादा चाक नव्हतं. बोरी अरब या गावी ऐन बाजाराच्या दिवशी टायर फुटला, तेव्हा आख्खा बाजार भाजी सोडून गाडीभोवती जमला आणि नागपूरहून ट्रक येईपर्यंत भाऊ आत काचा लावून बसून राहिले. जिनिंगमधल्या सरकीवर पोसलेल्या उंदरांनी तिच्या वायरी खाल्ल्या. त्या वायरी नागपूरलाही मिळाल्या नाहीत, परदेशातून येईपर्यंत गाडी तिकडेच पडून राहिली. ती आणायला भाऊ आणि वहिनी बसने गेले. एवढी मोठी गाडी घेणाऱ्याने रस्ता, दुरुस्ती आणि उंदीर, तिन्हींची चौकशी आधी करावी, असं मी आजही सांगतो. पण कुणी विचारत नाही.

गाडी चालवायला भाऊंनी जवळच्या तांड्यावरचा एक बंजारा ड्रायव्हर ठेवला होता. तिशीतला, दोन मुलांचा बाप, अंगाने काटकुळा. गाडीवर त्याचा जीव होता. गतिरोधकावर पोट घासलं की भाऊंच्या आधी हा कळवळायचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले, तेव्हा आपल्या जनावराला जपायचं वळण त्याच्या रक्तातच असावं. त्याच सुमारास एका सरकारी खात्यात चालक म्हणून त्याची निवड झाली होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. त्याचं प्रकरण आमच्याच ठाण्यात आलं होतं आणि माझ्या शेऱ्यासाठी टेबलावर पडून होतं.

अशात नवरात्रात भाऊ ठाण्यात आले. गाडी चोरीला गेली होती. संध्याकाळी सगळं गाव देवीच्या मांडवात आरतीला गेलं असताना कुणीतरी पोर्चमधून ती नेली.

"साहेब, घरातला मानूस गेल्यावानी वाटून राह्यलं," भाऊ म्हणाले.

"कुणावर संशय?"

"माह्या तोंडानं कसं सांगू? पन चावी त्याच्याजवळच राहे."

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, पोर्चचा पंचनामा केला. कुलूप तोडलेलं नाही, काच फुटलेली नाही. पोर्चच्या भिंतीवर एक रिकामा खिळा दिसला आणि त्याच्याखाली धुळीत डब्याएवढी स्वच्छ जागा. मी भाऊंना विचारलं, "इथं काय असायचं?" ते म्हणाले, "काई नाई, जुनं सामान." अशा गाडीचा ठावठिकाणा म्हणे मोबाईलवर दिसतो. तेही विचारलं. ती सोय जुन्या मालकाच्या नावावर होती, ती संपली आणि भाऊंनी नवी घेतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. ड्रायव्हरने गाडी मारेगावमार्गे पार केली, अशी खबर. खबर मिळाली की पोलिसाला आनंद होतो, पण फार सोपी खबर मिळाली की मला जेवण जात नाही. मारेगावच्या ठाणेदाराला फोन केला आणि आमच्या जमादारांना त्या रस्त्यावर पाठवलं. जमादार जुने, निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबत गेले आणि संध्याकाळी परत आले.

"साहेब, त्या गाडीले कोनीच पाह्यलं नाई," ते म्हणाले. "टोलनाक्यावर बी नोंद नाई. अन् तशी गाडी आपल्या रस्त्यानं जाईन न् टपरीवरचा मानूस मान वर करून पाहनार नाई, हे होऊ शकते का?"

होऊ शकत नव्हतं. साधी गाडी चोरली तर ती गर्दीत मिसळते. ही गाडी आमच्या जिल्ह्यात जिथे जाईल तिथे जत्रा जमवणारी. कुणी पाहिली नाही याचा अर्थ ती गावाबाहेर गेलीच नव्हती.

ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. पहिला तासभर गुन्ह्याबद्दल विचारायचंच नाही. माणूस घरी काय खातो, शेत आहे का, मुलं कितवीत आहेत, हे विचारत राहायचं. खोटं बोलायच्या तयारीने आलेला माणूस या प्रश्नांनी हैराण होतो, कारण त्याने पाठ केलेलं उत्तर त्याला कुठे वापरताच येत नाही. ड्रायव्हर हैराण झाला नाही. तो रडवेला होता, पण सरळ बोलत होता.

"चावी कुठं असायची?" शेवटी मी विचारलं.

"एक भाऊच्या खिशात, एक देवघराच्या खुटीले. संध्याकाळी मी खुटीले अडकवतो अन् घरी जातो. त्या दिवशी बी अडकवली. घरात कोनी नव्हतं सायेब, सारे मांडवात गेलते. मले पाह्यलं असन तं देवानंच."

"आता खुंटीवर चावी नाही."

"मले मालूम हाये सायेब. भाऊ मले पाहूनच नाई राह्यले. माह्या नौकरीचा कागद तुमच्यापाशी हाये, माही बायको तांड्यात साखर वाटून आली. याडीले काय सांगू मी?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तो डोळे पुसून उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. आता त्याचा आवाज चढला होता.

"सायेब, एक सांगू? ज्यानं नेली त्याले अक्कल नाई. ते गाडी उभी ठुली तं तिची बॅटरी बसते. मंग दार बी उघडत नाई तिचं. मी रोज चार्जर लावतो तिले. त्यानं लावला असन का?"

"चार्जर कुठं असतो?"

"पोर्चमंधी, भित्तीले टांगेल राह्यते."

भिंतीवरचा रिकामा खिळा माझ्या डोळ्यांपुढे आला. गाडी पळवून नेणारा चोर चार्जर कशाला नेईल? चार्जर त्यालाच लागतो, ज्याला गाडी कुठेतरी उभी करून ठेवायची आहे. आणि त्या जागी काय होतं हे फिर्यादीने मला खोटं सांगितलं होतं. ड्रायव्हर निर्दोष आहे हे मी त्याच वेळी मनाशी पक्कं केलं. पोलिसाने असं लवकर पक्कं करू नये म्हणतात. पण स्वतःवर आळ आलेला असताना जो माणूस गाडीच्या बॅटरीची काळजी करतो, त्याला चोर म्हणणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

पण सिद्ध कसं करायचं? भाऊंचं घर, जिनिंग, शेतातली गोदामं, जागा कमी नव्हत्या. पुराव्याशिवाय अशा माणसाच्या आवारात शिरलो असतो, तर दुपारच्या आत माझी बदली झाली असती. तिकडे भाऊ रोज फोन करत होते. "अटक दाखवा न साहेब, विम्यावाले इचारून राह्यले." वरूनही विचारणा झाली. अटक दाखवणं सोपं होतं. एका सहीचं काम. त्या सहीबरोबर टेबलावरची ती नेमणूक गेली असती आणि पुढे तो कोर्टातून सुटला असता तरी परत आली नसती. मी तपास सुरू आहे असं सांगत राहिलो आणि ड्रायव्हरला रोज सकाळी ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं. लोकांना वाटलं ठाणेदाराने त्याला धरून ठेवलंय. वाटू दिलं.

असा दसरा उजाडला. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन असतं. रायफली पुसून मांडतात, जीप धुतात, तिला हार घालतात. ड्रायव्हर हजेरीला आला होता. बाकावर बसून बसून त्याला राहवेना, म्हणून आमच्या जीपचा हार त्यानेच बांधायला घेतला. बांधता बांधता शिपायांना सांगत होता, "आपल्या ह्या जीपले कसाबी बांधा. पन भाऊच्या गाडीच्या नाकावर क्यामेरा हाये. त्याच्यावर फूल आलं तं बोंबलत राह्यते ते. म्हनून मी हार नाकाच्या खालून घेतो. मंग भाऊ पयला टिळा गाडीले लावते न् दुसरा मले."

तेवढ्यात जमादार बाजारातून झेंडूची पाटी घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, फुलवालीनं लांब हार बी इकला आज."

"कोणता लांब हार?"

"भाऊच्या गाडीचा. साधा हार त्या गाडीले पुरत नाई, म्हनून दरसाली ते येगळा बनवते."

मी साध्या कपड्यांत बाजारात गेलो. फुलवाली म्हातारी, हात चालू ठेवूनच बोलणारी. मी विचारलं तेव्हा तिने मान वरसुद्धा केली नाही.

"भाऊ सकाळीच सोता येऊन घेऊन गेले ना. ट्रॅक्टरचा, स्कूटरचा, मशिनीचे, अन् तो लांब."

"गाडी तर चोरीला गेली ना मावशी?"

तिचा हात थांबला. "अगं माय," ती म्हणाली. "मंग कोनाले घातला?"

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. भाऊंच्या घरावरून चक्कर मारली. ट्रॅक्टरला हार होता, स्कूटरला होता, दाराला तोरण होतं. लांब हार कुठेच नव्हता.

आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन, म्हणजे सोनं घेऊन, कुणीही कुणाकडे जातो. वैरी आला तरी त्या दिवशी दार लावत नाहीत. मला फाटकातून आत जायला दुसरा कुठला कागद लागणार नव्हता. मी वर्दी चढवली, खिशात सोनं घेतलं, जमादारांना सोबत घेतलं आणि जिनिंगवर गेलो. कापूस खरेदीचा मुहूर्त अजून व्हायचा होता, जिनिंग बंद होतं, चौकीदार सुट्टीवर पाठवलेला. पण मशीनची पूजा आटोपली होती आणि गावातले चार व्यापारी प्रसाद घेत बसले होते.

"या साहेब, या," भाऊ उठले. मी त्यांच्या हातात सोनं दिलं. त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या पाठीवरून मला आवारात झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या दिसल्या. त्या मशीनच्या शेडकडे जात होत्या, ते ठीक. पण तिथून पुढे सरकीच्या बंद गोदामाकडेही जात होत्या. गोदामाच्या शटरखालून एक वायर आत गेली होती.

"भाऊ, मशीनची पूजा झाली. गोदामातली पण पाहू द्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. पण माणूस मुरलेला, लगेच सावरले. किल्ली सापडत नाही म्हणाले. मी म्हणालो, सापडेपर्यंत मी बसतो, आज मला घाई नाही. बसलेल्या व्यापाऱ्यांपैकी दोघांना मी पंच म्हणून थांबवलं. शेवटी किल्ली भाऊंच्याच कमरेला निघाली.

शटर वर गेलं. आत ती उभी होती, धुऊन पुसून. चार्जरचा हिरवा दिवा लागला होता. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, समोर फोडलेला नारळ, आणि नाकावरून सरळ आडवा बांधलेला तो लांब हार.

"मले काय मालूम साहेब," भाऊ म्हणाले. "त्यानंच लपवली असन इथं."

"भाऊ, हे फूल आजचं आहे," मी म्हणालो. "तुमचा ड्रायव्हर सकाळपासून माझ्या ठाण्यात आहे. आणि त्याने बांधला असता, तर हार कॅमेऱ्यावर आला नसता."

भाऊ तिथेच सरकीच्या पोत्यावर बसले. व्यापारी एकमेकांकडे पाहायला लागले. मग भाऊ खालच्या आवाजात बोलले. "परवडून नव्हती राह्यली साहेब. रस्ता नाई, दुरुस्ती नाई. पन इकली असती तं बाजारात म्हटलं असतं, भाऊचा धंदा बसला. चोरी गेली तं लोक घरी येऊन हळहळतेत. आले बी. सारं गाव आलं होतं."

"मग हार कशाला घातलात? हार घातला नसता तर मी इथे आलोच नसतो."

"लक्ष्मी हाये ते साहेब," भाऊ माझ्याकडे वर पाहून म्हणाले. "दसऱ्याले बिनपूजेची कशी ठुवू?"

मला त्या क्षणी राग आला, आणि तो खरा राग होता. मी त्यांना विचारलं, "दर दसऱ्याला पहिला टिळा गाडीला आणि दुसरा ड्रायव्हरला लावता ना भाऊ? आज दुसरा कुणाला लावला?"

भाऊंनी खिशातून देवघराच्या खुंटीवरची चावी काढून जमादारांच्या हातात दिली. पंचनामा झाला, गाडी जप्त झाली, आणि फिर्यादीच आरोपी झाला. विम्याचा दावा बारगळला. मारेगावच्या खबरेचा तो फोन त्यांच्याच एका स्नेह्याने केला होता, हेही निष्पन्न झालं. ठाण्यात परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते पडताळणीच्या कागदावर शेरा लिहून सही करण्याचं. आक्षेपार्ह काही नाही. ड्रायव्हर तेव्हाही बाकावरच बसलेला होता. त्याला सांगितलं तर त्याने आधी हे विचारलं, "चार्जर लावेल होता का सायेब?"

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. फिर्यादीचीही चौकशी करा, हे मी सांगतोच. पण मला जास्त लक्षात राहिलं ते वेगळं. आरामासाठी गाडी घेणारा माणूस ती नको झाली की विकून मोकळा होतो. मानासाठी घेणाऱ्याला ती विकता येत नाही, आणि मग तो मान वाचवायला दुसऱ्याचं पोट मारायलाही तयार होतो. भाऊ वाईट माणूस नव्हते. गावातल्या कित्येकांच्या अडीअडचणीला ते उभे राहिलेले आहेत, आणि म्हणूनच मला ते प्रकरण अजून खुपतं.

जप्त केलेली गाडी आमच्या ठाण्याच्या मागच्या आवारात मुद्देमालाच्या रांगेत उभी राहिली. एका बाजूला रेतीचा टिप्पर, दुसऱ्या बाजूला दारूच्या धाडीतल्या मोटारसायकली. कोर्टात अर्ज करून भाऊंना ती हमी लिहून देऊन सुपुर्दनाम्यावर सोडवून नेता आली असती. त्यांनी अर्ज केलाच नाही. भर बाजारातून ती परत घरी नेण्याची त्यांची हिंमत नसावी. पावसाळा गेला, काळा रंग मळला, एक टायर बसला, सीटवर उंदरांनी घर केलं.

पुढच्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन सुरू होतं. ड्रायव्हर आला, सरकारी खात्याची खाकी घालून. मला सोनं दिलं, पाया पडला. त्याच्या हातात फुलवालीकडून खास बनवून आणलेला लांब हार होता. मला वाटलं आमच्या जीपला आणलाय. तो सरळ मागच्या आवारात गेला. मी पाठोपाठ गेलो. त्याने रुमालाने गाडीचं नाक पुसलं, हार कॅमेऱ्याच्या खालून घेतला आणि दोन्ही बाजूंनी आरशांना बांधला. बॅटरी केव्हाच संपलेली, आता कॅमेऱ्यावर फूल आलं असतं तरी ती बोंबलणार नव्हती.

"हिच्यापायी तुझी नोकरी जात होती," मी म्हणालो.

तो हार सारखा करत राहिला. "तिचं काय चुकलं सायेब," तो म्हणाला.